जेजुरीला जायचंय : एव्ही लावू, टीव्ही लावू की एम?

सोनकी
नमस्कार मंडळी. कॅनन १५००डी आहे, सोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स आणि नंतर घेतलेली ५० मिमी एफ/१.८. आतापर्यंत सगळा कारभार हिरव्या ऑटोवर चालला. घरातले वाढदिवस, कासची फुलं वगैरे ठीक येतात. आता सोमवती अमावास्येला जेजुरीला जायचं घाटतंय. भंडाऱ्याची उधळण, पालखी, गडावरच्या दीपमाळा आणि जमलं तर कऱ्हेवरचं स्नान, एवढं डोक्यात आहे. एक मैत्रीण गेल्या खेपेला जाऊन आली. तिच्या ऑटोवरच्या फोटोंत हळद म्हणजे नुसता पिवळा धूर दिसतोय.

कॅमेऱ्यावरच्या मोडच्या चकतीच्या एका बाजूला चित्रं आहेत (डोंगर, फूल, पळणारा माणूस, चक्क काटा-सुरीसुद्धा) आणि दुसऱ्या बाजूला पी (दोन्ही कॅमेरा ठरवतो), टीव्ही (शटर आपलं), एव्ही (ॲपर्चर आपलं), एम (दोन्ही आपलं). कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत या अक्षरांच्या बाजूला क्रिएटिव्ह झोन म्हटलंय. ॲपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा लहान तितकं ते मोठं), शटर (उजेड किती वेळ घ्यायचा), आयएसओ (सेन्सर उजेडाला किती दाद देणार) हे वाचून झालंय, तेव्हा कृपया कोणी त्रिकोण काढून दाखवू नका :) प्रश्न त्याच्या पुढचा आहे. प्रसंग समोर घडत असताना यातलं काय लावायचं हे ठरवता कसं? ओळखीतल्या एका गृहस्थांनी 'एमशिवाय फोटोग्राफी नाही' असं सुनावलंय. खरंय का हे? जाणकारांनी लिहा.

शेंदाड शिपाई
खरंय. एम. बाकी सगळं आळशी लोकांसाठी.

मुळशीकर
शिपाईबुवा, सकाळी सकाळी?

सोनकी, एव्हीत एक फोटो येतो आणि एममध्ये दुसराच येतो, हे आधी डोक्यातून काढून टाका. एफ/८, १/४००, आयएसओ १०० हे आकडे कुठल्याही मोडमधून आले तरी सेन्सरवर पडणारा उजेड तेवढाच. मोडने ठरतं ते इतकंच, की कोणता आकडा तुमच्या ताब्यात राहणार आणि कोणता कॅमेरा हलवणार. तेव्हा मोड निवडताना स्वतःला विचारायचं, की या फोटोत माझं कशावाचून अडणार आहे?

उधळणीत अडतं वेगावाचून. हळद मुठीतून सुटते, वर जाते, क्षणभर तरंगते आणि अंगावर येते. १/६० ला तिचा धूर होतो. मैत्रिणीचं तेच झालं असणार, ऑटोने सावलीतला चौक पाहिला आणि शटर हळू केलं. १/५०० ला लोटाला कडा दिसायला लागतात. १/१००० ला मुठीतून निसटलेली ढेकळं, त्यांच्या मागे सुटलेल्या रेघा, लोकांच्या भुवयांवर बसलेली पूड हे सगळं वेगवेगळं दिसतं. म्हणून टीव्ही, १/१०००, आयएसओ ऑटो. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० ला या वेगासाठी साधारण एफ/५ लागतं. तुमची किट लेन्स ५५ मिमीवर एफ/५.६ च्या पलीकडे उघडतच नाही, मग आयएसओ थोडा वर चढेल. चढू दे.

कमानीखाली सावलीत शिरलात आणि व्ह्यूफाइंडरमधला ॲपर्चरचा आकडा लुकलुकायला लागला, तर समजा की लेन्स सताड उघडून, आयएसओ वर नेऊनही उजेड पुरत नाहीये. टीव्हीमध्ये कॅमेरा अडून बसत नाही, फोटो काढतो, पण काळा काढतो. शटर १/५०० ला उतरवा, नाही पुरलं तर १/२५०.

दीपमाळा, पायऱ्या, गडावरून दिसणारा मुलूख यात हलणारं काही नाही. तिथे अडतं खोलीवाचून, म्हणजे जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट हवं. एव्ही लावा, एफ/८ ठेवा. १८ मिमीला एफ/८ वर दोन-सव्वादोन मीटरवर फोकस केलंत, तर साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. म्हणजे पुढ्यातली पायरी आणि मागचा डोंगर दोन्ही. 'मोठा आकडा म्हणजे जास्त खोली' हे वाचून कोणी एफ/२२ लावतात, ते करू नका. या आकाराच्या सेन्सरवर एफ/११ ओलांडलं की विवर्तनाने (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्याने) हळूहळू सगळंच मऊ पडायला लागतं.

राहिला पी. लोक याला उगाच हिणवतात. गर्दीतून चाललोय, पुढच्या मिनिटाला काय समोर येईल त्याचा पत्ता नाही, अशा वेळी मी पी लावून ठेवतो. कॅमेऱ्याने एफ/८ आणि १/२५० सुचवलं आणि मला वेग जास्त हवा असेल, तर चाक एका बाजूला फिरवलं की एफ/५.६ आणि १/५०० होतं. उजेड तोच, जोडी वेगळी. ऑटोत हे जमत नाही.

आणि हो, चित्रांच्या बाजूचा पळणारा माणूस काही वाईट नाही. तो वेगवान शटर, हलत्या वस्तूचा पाठलाग करणारं एआय सर्व्हो फोकस आणि सलग फोटो असं तिन्ही एकदम लावून देतो. फक्त त्यात तुम्हाला उजेड अधिक-उणे करता येत नाही, आणि माझ्या मते ते बटण अख्ख्या चकतीपेक्षा महत्त्वाचं आहे. उलट, टीव्हीत आलात की सर्व्हो आपोआप लागत नाही, तो वेगळा लावावा लागतो. नवीन माणसाला हे कोणी सांगत नाही. मग १/१००० लावूनही चेहरे धूसर येतात आणि बोल लागतो लेन्सला.

ताम्हण
वाखूसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडे निकॉन आहे, त्यावर एव्ही-टीव्ही काही दिसत नाही??

मुळशीकर
तिथे ए म्हणजे कॅननचा एव्ही आणि एस म्हणजे टीव्ही. पी आणि एम दोघांचे सारखेच. सोनीचं निकॉनसारखं. फुजीच्या एक्स-टी मालिकेतल्या बहुतेक कॅमेऱ्यांवर पी-ए-एस-एम अशी चकतीच नाही. शटरच्या चकतीवर आणि लेन्सच्या कड्यावर ए अशी खूण असते. दोन्ही ए वर ठेवलं की पी झालं, दोन्ही काढलं की एम. मला ती पद्धत सगळ्यात सरळ वाटते, पण खिसा सरळ नाही.

सोनकी
मुळशीकर, भरभरून धन्यवाद. मग ५० मिमीचं काय करू? हळदीने माखलेले चेहरे काढायचेत, मागची गर्दी धूसर हवी. एव्ही आणि एफ/१.८, बरोबर ना?

बोकोबा
माझा आवडता विषय निघाला!

एव्ही बरोबर. एफ/१.८ बद्दल थोडं थांबा. तुमच्या कॅमेऱ्यावर ५० मिमीने दोन मीटरवरून एफ/१.८ ला जे स्पष्ट येतं त्याची जाडी जेमतेम ११ सेंमी. माणूस समोर बघत स्थिर उभा असेल तर डोळ्यापासून कानापर्यंत निभावतं. पण जेजुरीत उभं कोण राहतंय? तो 'येळकोट' म्हणत मान मागे टाकणार, तुम्हाला मागून धक्का बसणार, की फोकस गेला डोळ्यावरून पागोट्यावर. एफ/४ ला हीच जाडी पाव मीटरच्या जवळ जाते. मागची माणसं चार-पाच मीटर लांब असली तर एफ/४ लाही ती पुरेशी विरघळतात. मागचं किती धूसर होणार हे आकड्याइतकंच, तुम्ही माणसाच्या किती जवळ आहात आणि मागची गर्दी त्याच्यापासून किती लांब आहे यावरही असतं. दोन पावलं पुढे गेलात तर एफ/४ चं काम होतं.

दुसरी अडचण दुपारची. कडक उन्हात, आयएसओ १०० ला, एफ/१.८ वर कॅमेऱ्याला १/८००० च्या आसपास शटर हवं असतं. तुमच्या बॉडीचा वेग १/४००० ला संपतो. मग एव्हीत ४००० हा आकडा लुकलुकतो आणि फोटो पांढराफटक. त्यामुळे उन्हात एफ/२.८ ते एफ/४, आणि एफ/१.८ राखून ठेवा सावलीला, संध्याकाळला.

जुना पाटीवाला
चर्चा छान चालली आहे. थोडं अवांतर करतो, वयाचा मान ठेवून चालवून घ्या.

आमच्या लहानपणी घरात अग्फा क्लिक थ्री होता. १२० चा रोल, त्यात बारा फोटो, आणि मोड म्हणाल तर ऊन किंवा ढग. यापलीकडे विचारायचं काही कामच नव्हतं. पुढे हातात एसएलआर आला तेव्हा कळलं की आज जे तुम्ही एका चकतीवर फिरवता ते तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांनी वाटून घेतलं होतं. शटर तुम्ही ठरवा, ॲपर्चर मी बघतो, असं म्हणणारा कोनिकाचा ऑटोरिफ्लेक्स १९६५ चा. उलट ॲपर्चर तुम्ही द्या म्हणणारा पेंटॅक्सचा ईएस १९७१ चा. दोन्ही एकाच यंत्रात आणले मिनोल्टाच्या एक्सडीने, १९७७ साली. आणि पुढच्याच वर्षी कॅननच्या ए-१ ने त्यात प्रोग्रॅम घातला. आजची पी-टीव्ही-एव्ही-एम ही चौकडी तिथून आहे. म्हणजे एम हा काही मोठ्या मेहनतीने गाठायचा शेवटचा टप्पा नव्हे, तो सगळ्यांच्या आधीचा आहे. आम्ही एम वापरायचो कारण दुसरं काही नव्हतं. ही सोय मिळवायला लोकांनी घरंदारं विकायची बाकी ठेवली होती, आणि आता ती फुकट आलीय तर तुम्ही ती वापरणाऱ्याला आळशी म्हणता?

शेंदाड शिपाई
काका, मान्य, पण मूळ मुद्दा तसाच आहे. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर मूर्ख आहे. त्याला समोरची वस्तू पांढरी की काळी हे कळत नाही, सगळं मध्यम राखाडी करायला बघतं. एव्ही, टीव्ही, पी तिन्ही त्या मूर्खाच्या तालावर नाचतात. एममध्ये मी नाचत नाही.

बोकोबा
आणि एममध्ये तुम्ही काय करता? व्ह्यूफाइंडरमधल्या उजेडाच्या पट्टीवरची काडी मधोमध येईपर्यंत चाक फिरवता ना? ती काडी कोणाची?

शेंदाड शिपाई
:)

मुळशीकर
बोकोबांनी नेमकं बोट ठेवलंय. काडी शून्यावर आणायची असेल तर एम म्हणजे एव्हीचंच काम हाताने, सावकाश. मीटरचं चुकतंय हे कळत असेल तर एव्ही-टीव्हीत अधिक-उणेचं बटण आहे. वाक्याचा अर्थ तोच, अक्षरं कमी.

पण शिपाईंचं म्हणणं अगदीच टाकून देण्यासारखं नाही. उजेड पक्का असेल आणि फक्त मागचा पडदा बदलत असेल, तिथे एमच. नाट्यगृह घ्या. नर्तकीवर स्पॉट, मागे काळोख. ती मधोमध आली की मीटर एक सांगतं, कडेला गेली की भोवतीच्या काळोखाला भुलून चेहरा जाळतं, आणि तिच्यावरचा उजेड तर तेवढाच आहे. एकदा चेहऱ्यावर नीट मोजा, १/२५०, एफ/२.८, आयएसओ १६०० असं काही ठरेल, ते कुलूपबंद करा आणि प्रकाशयोजना बदलेपर्यंत विसरून जा. डोंगरावरून पाच-सहा फोटो जोडून लांबलचक देखावा करायचा असेल तेव्हाही एम, नाहीतर प्रत्येक तुकड्यातलं आभाळ वेगळ्या निळ्याचं. स्टुडिओतल्या फ्लॅशलाही एम.

जेजुरीत उलट आहे. अंगणात रखरखीत ऊन, ओवरीत सावली, महाद्वारात अंधार, आणि गर्दी तुम्हाला दोन मिनिटांत तिन्हीकडे ढकलत नेणार. तिथे एम लावून बसलात तर तुमची नजर पूर्ण वेळ काडीवर.

त्यातून १५००डी ला चाक एकच. एममध्ये ॲपर्चर बदलायचं तर एव्ही अधिक-उणेचं बटण दाबून धरून तेच चाक फिरवावं लागतं. डोक्यावर भंडारा पडत असताना करून बघा.

शेंदाड शिपाई
बरं बाबा. नाट्यगृहापुरता मी जिंकलो असं समजतो.

पाणकावळा
भिगवणच्या होडीतून लिहितो. म्हणजे आत्ता नाही, पण थंडीतला मुक्काम तिथेच.

एव्ही-टीव्हीच्या भांडणात एक तिसरा रस्ता राहिला. एम आणि आयएसओ ऑटो. पक्षी उडताना मला वेग हवाच असतो, रोहित किंवा चित्रबलाक असेल तर १/१६००, छोट्या सुरयांना १/२००० च्या वर. आणि लेन्स लांब असल्याने ॲपर्चरही सताड उघडंच, एफ/६.३. म्हणजे दोन्ही आकडे माझे मीच बांधून टाकलेले. मग एम लावतो, दोन्ही ठरवतो आणि आयएसओ कॅमेऱ्यावर सोडतो. पक्षी पाण्यावरून झाडीपुढे गेला की आयएसओ पळतो, बाकी काही हलत नाही. नावाला एम, पण चालतो ऑटोसारखा. पेंटॅक्सने तर याच कामासाठी चकतीवर टीएव्ही असं वेगळं घर दिलंय.

सोनकीताई, तुमच्यासारख्या बॉडीवर यात एक अडचण येते. एम आणि ऑटो आयएसओ असताना अधिक-उणे चालत नाही, असं सुरुवातीच्या पातळीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत असतं. पांढरा बगळा आला की मग हात बांधलेले. तेव्हा उधळणीला मुळशीकर म्हणतात तो टीव्हीच बरा.

निकॉनवाल्यांसाठी : ऑटो आयएसओच्या मेनूत 'किमान शटर' असा आकडा देता येतो. तो १/५०० करून ए मोडमध्ये फिरा. ॲपर्चर तुमचं आणि वेगही फारसा खाली घसरत नाही. हे ज्यांनी एकदा लावलं त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

धुकट
बिनकॅमेऱ्याच्या गरिबाचा प्रश्न. मोबाईलच्या प्रो मोडमध्ये हे सगळं करता येईल का?

बोकोबा
अर्धं. शटर आणि आयएसओ हातात येतात, म्हणजे उधळणीला १/१००० जरूर लावा. ॲपर्चर मात्र बहुतेक फोनमध्ये एकच असतं, कायमचं. (सॅमसंगने २०१८ च्या एस ९ मध्ये एफ/१.५ आणि एफ/२.४ अशी दोन दिली होती, पण तो अपवाद.) त्यामुळे एव्ही असा प्रकार तिथे नाही. पोर्ट्रेटमधला धूसरपणा हिशेबाने तयार केलेला असतो. हवेत उडालेल्या हळदीची कड त्याला सापडत नाही, मग अर्धा लोट खराखुरा आणि अर्धा कापसाचा. उधळणीत पोर्ट्रेट लावू नका एवढंच.

टोरांटोकर
इकडे बर्फात सहा महिने हाच खेळ. समोर सगळं पांढरं, मीटर त्याला राखाडी करतं, पोरं काळवंडून निघतात. एव्हीत +१ ते +१.७ केलं की बर्फ बर्फासारखा. काळ्याकुट्ट कुत्र्याला उलट, −१. एकदा हे बटण बोटाला सवयीचं झालं की चकतीकडे लक्षच जात नाही. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर धुक्यात काढलेले फोटो मळकट येतात त्याचंही कारण हेच, +१ द्या.

सोनकी
मग पिवळ्याला काय? बर्फासारखं अधिक करायचं का? चौकट भरून पिवळं असणार.

छायाताई
यावर मी लिहिते. लग्नं काढते, त्यामुळे हळदी समारंभांनी माझ्या लेन्सवर कायमचं प्रेम केलेलं आहे.

पिवळं फसवतं, आणि एकाच वेळी दोन बाजूंनी फसवतं. उन्हातली हळद भरपूर उजेड परत फेकते, म्हणून मीटर बर्फासारखंच तिला खाली ओढतं आणि माणसांचे चेहरे गडद येतात. मग तुम्ही +१ करता. आता चेहरे छान, पण हळद? ती प्लास्टिकच्या रंगासारखी सपाट. चुरा नाही, पोत नाही, नुसता पिवळा डाग. कारण कॅमेरा रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन वाहिन्यांत नोंदवतो आणि पिवळ्या-केशरी रंगात लाल वाहिनी सगळ्यात आधी काठोकाठ भरते. साधा पांढरा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहिलात तर सगळं आलबेल दिसतं. तुमच्या कॅमेऱ्यात फोटो बघताना हिस्टोग्राम आरजीबीवर टाकता येतो, तो टाका. तिन्ही आलेख वेगळे दिसतील. लाल उजव्या भिंतीला चिकटून उभा असेल तर एक-दोन टिचक्या खाली या, निळा बापडा डावीकडे पडलेला असेल त्याची काळजी नको.

मी स्वतः ० पासून सुरू करते, लाल बघते, बहुतेकदा −०.३ वर येऊन थांबते, आणि चेहऱ्याच्या सावल्या नंतर संगणकावर उचलते. त्यासाठी रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) हवं. जेपीईजीत गेलेली हळद परत येत नाही. अर्थात मुळशीकर म्हणाले तशी १५००डी सलग फोटोंत फार धावत नाही, सेकंदाला तीन, आणि रॉवर थोड्याच वेळात दम खाते. तेव्हा बोट दाबून धरू नका. मूठ वर जाताना दिसते. हात पूर्ण ताणला गेला की एकदा, लोट फुलला की एकदा.

व्हाइट बॅलन्सही (उजेडाप्रमाणे रंग सुधारण्याची सोय) ऑटोवर ठेवू नका. सगळीकडे पिवळं बघून तो बिचारा निळं ओतायला लागतो, की मग भंडारा लिंबाच्या रंगाचा. सूर्याचं चित्र असलेला डेलाइट लावा आणि दिवसभर हात लावू नका.

आणखी एक, मोडशी संबंध नाही पण फोटोशी आहे. सूर्य लोटाच्या मागे येईल असे उभे राहा. समोरून ऊन पडलेली हळद भिंतीसारखी दिसते, मागून ऊन आलं की कडा पेटतात.

मुळशीकर
छायाताई, हे लाल वाहिनीचं मी कुठे नीट लिहिलेलं वाचलं नव्हतं. मात्र सलग फोटोंचं मी बोललोच नव्हतो, फुकटचं श्रेय घेतो :)

डोंगरवेडा
धागा भरकटवतो. पावसात धबधबे रेशमासारखे करायला टीव्ही ना? १/४ सेकंद?

मुळशीकर
टीव्हीत १/४ लावलं की कॅमेरा ॲपर्चर थेट एफ/२२ पर्यंत मिटतो आणि वर सांगितलेला मऊपणा येतो, नाहीतर तिथेही न पुरल्याने फोटो उजळून जातो. मी उलटं करतो. एव्ही, एफ/११, आयएसओ १००. दाट ढगाळ दुपारी मीटर १/३० च्या आसपास सांगतं. एनडी८ फिल्टर (काळसर काच) पुढे लावला की तीन स्टॉप कमी, म्हणजे उजेड तीनदा निम्मा, म्हणजे १/४. मोड एव्ही, पण वेग मी फिल्टरने ठरवला. तिपाई हवीच. आणि शेवाळलेल्या दगडावर तिपाईच्या आधी स्वतःचे पाय बघा.

डोंगरवेडा
आणि काजवे?

पाणकावळा
त्यावर वेगळा धागा काढा. थोडक्यात एम, लेन्स पूर्ण उघडी, आयएसओ ८०० ते १६००, २०-३० सेकंदांचे बरेच फोटो काढून नंतर एकावर एक रचायचे. मीटरला अंधारात काही कळत नाही, म्हणून एम. भंडारदऱ्याला जाणार असाल तर टॉर्च आणि मोबाईलचे पडदे बंद ठेवा, काजवे एकमेकांना शोधायला चमकतात, तुमच्यासाठी नाही.

सोनकी
संध्याकाळी उशीर झाला तर? गडाखाली रोषणाई असते, दुकानांत एलईडी. फ्लॅश लावू का?

छायाताई
एलईडीत आधी वेग बघा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला कळत नाही, पण १/१००० ला अर्धा फोटो उजळ आणि अर्ध्यात काळपट पट्टा येतो. सकाळचा टीव्ही १/१००० तसाच राहिलेला असतो, संध्याकाळी सगळ्यांचं हेच होतं. १/१०० किंवा १/५० ला आणा, पट्टे जातात.

फ्लॅशबद्दल : कॅननमध्ये एव्ही असताना फ्लॅश उघडलात तर कॅमेरा शटर मागच्या काळोखासाठी मोजतो आणि फ्लॅशला फक्त मदतनीस मानतो. शटर अर्ध्या सेकंदापर्यंतही उतरतं, मग माणूस फ्लॅशने स्पष्ट आणि त्याभोवती भुतासारखी सावली. मेनूत 'एव्ही मोडमधला फ्लॅश सिंक' म्हणून एक सोय आहे, ती १/२०० ते १/६० वर ठेवा. नाहीतर त्या वेळेपुरतं पी ला या, तो असला वेडेपणा करत नाही. पण मी असते तर फ्लॅश मिटवला असता. हवेत पूड असताना जवळच्या कणांवर फ्लॅश पडून फोटोभर पांढरे ठिपके येतात. ५० मिमी, एव्ही, एफ/१.८ किंवा २, आयएसओ १६००, हाच मोका त्या लेन्सचा. शटरकडे मात्र नजर असू द्या, १/१०० च्या खाली गेलं तर आयएसओ वाढवा.

ताम्हण
अक्ख्या धाग्याची प्रिंट काढतोय. ढोल-ताशाच्या पथकाला पण १/१००० का?

बोकोबा
तिथे १/१००० ला सगळे पुतळे होतात. टिपरू हवेत थांबलेलं आणि वाजवणारा त्याकडे बघतोय असं वाटतं. टीव्ही १/३० करून बघा, ढोल आणि चेहरा शक्य तितका स्थिर आणि टिपरूचा पंखा. दहातले आठ फुकट जातील. राहिलेल्या दोनांसाठीच जायचं असतं.

शेंदाड शिपाई
याला मी सुद्धा टीव्ही लावतो. हे कोणाला सांगू नका.

सोनकी
शेवटचा प्रश्न, मग निघते तयारीला. कॅमेऱ्यात भंडारा जाऊ नये म्हणून काय करता? पॉलिथिन पिशवी पुरते?

छायाताई
पुरते, नीट बांधली तर. पिशवीला लेन्सच्या तोंडाएवढं भोक, लेन्सच्या पुढच्या कडेला रबरबँड, दुसरा मनगटाशी. चकती पिशवीच्या आतून फिरवता येते की नाही ते घरीच बघून ठेवा. लेन्सपुढे साधा यूव्ही फिल्टर लावा, म्हणजे पूड बसली तरी त्याच्यावर.

१८-५५ झूम करताना पुढे-मागे होते आणि हवा आत ओढते, हवेबरोबर हळदही. उधळण चालू असताना झूम शक्यतो स्थिर ठेवा, ३५ मिमीवर वगैरे, आणि पायांनी पुढे-मागे व्हा. लेन्स बदलायची असेल तर गडावर नाही. गाडीत किंवा एखाद्या घराच्या आत, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून.

घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग पुन्हा ब्लोअर. ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका. हळद कोरडी असेपर्यंत झटकते, ओली झाली की रबराच्या पकडीवर आणि अक्षरांच्या खाचांत बसते ती जात नाही. पट्टा काढून वेगळा धुवा, तोही पिवळाच राहील.